होकायंत्राची सुई कुणाचे ऐकते?

रानात वाट चुकली की दोष होकायंत्रावर जातो, पण बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असते. सुईला उत्तर दिशा ठाऊक नसते. ती जिथे आहे तिथल्या चुंबकीय क्षेत्राच्या रोखाने वळते, इतकेच. ते क्षेत्र एकट्या पृथ्वीचे असेल तोवर ती चुंबकीय उत्तर दाखवते. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील कुलिन डोंगररांगेत मात्र गॅब्रो आणि बेसाल्ट खडकांत मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज आहे. तिथे काही पावलांच्या अंतरातही सुईचा रोख बदलतो आणि धुक्यात कड्याच्या धारेवर हा फरक जिवावर बेतू शकतो. आपला सह्याद्रीही बेसाल्टचाच. त्यातच उघड्या माथ्यावर वीज पडली, तर तिच्या प्रचंड प्रवाहाने तेवढ्या जागेतला खडक अधिकच चुंबकित होतो.

मग सह्याद्रीत होकायंत्र नेऊच नये की काय? तसे नाही. सुईला फिरवणारा पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक मुंबईच्या परिसरात स्कॉटलंडच्या सुमारे दुप्पट आहे, त्यामुळे सुई इथे सहजासहजी बहकत नाही. शिवाय लहान चुंबकाचा प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केले की तो एक-अष्टमांश उरतो. म्हणून होकायंत्र कातळावर न ठेवता छातीच्या उंचीवर धरावे. पण याच नियमामुळे डोंगरापेक्षा खिशातला मोबाइल अधिक घातक ठरतो. त्याच्या कव्हरमधल्या चुंबकाशेजारी होकायंत्र पडून राहिले, तर सुईचे ध्रुव उलटू शकतात. मग उत्तरेचे लाल टोक दक्षिणेकडे वळते, आणि मोबाइल दूर ठेवला तरी ते सुधारत नाही.

जीपीएस असताना ही उठाठेव कशाला, असे कुणी विचारेल. जीपीएस आपण कुठे आहोत ते सांगतो. एका जागी उभे असताना तोंड कुठे आहे हे फोनला त्याच्यातल्या चुंबकीय संवेदकावरूनच कळते आणि तोही असाच फसतो. नकाशाची उत्तर आणि सुईची उत्तर यांतला फरक मुंबईत एका अंशाहून कमी असला, तरी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तो 15 अंशांच्या आसपास जातो. तो विसरून एक किलोमीटर चालले, तर मुक्काम सुमारे 260 मीटर बाजूला राहतो. तेव्हा सुईवर विश्वास ठेवावा, पण तपासून. समोरच्या खुणेचा दिशाकोन घ्यावा, खुणेपाशी पोहोचून मागे वळून पुन्हा मोजावा. दोन्हींत 180 अंशांचा फरक आला नाही, तर दोहोंपैकी एका जागी सुई बहकली आहे. अशा वेळी जागा बदलून पुन्हा मोजावे आणि तोवर नकाशातल्या सोंडा, ओढे, खिंडी यांवरच भरवसा ठेवावा.