पाण्याखाली दुसऱ्याच्या भरवशावर

सुट्ट्या लागल्या की नागपूरच्या नंदनवनातून मालवण, गोवा किंवा अंदमानला निघणाऱ्या कुटुंबांच्या बेतात हल्ली स्कूबा ठरलेला असतो. आपल्यापासून समुद्र लांब. मालवण रस्त्याने हजार किलोमीटरच्या आसपास. आपली मुलं पोहायला शिकतात ती तरणतलावात, जिथे तळ दिसतो आणि काठ हाताशी असतो. तरीही समुद्राच्या पहिल्याच भेटीत ती सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पाण्याखाली जातात, माशांच्या थव्यात फोटो काढून हसत वर येतात. हे जमतं ते मागून सिलिंडर धरून राहणाऱ्या गाईडमुळे. किती खोल जायचं, जाकिटात हवा किती भरायची, वर कधी यायचं, सगळं तो बघतो. ही डबलसीट सवारी आहे. चालवणारा शहाणा असेल, पाणी उथळ असेल आणि त्याचा हात तुमच्यावरून सुटत नसेल, तर ती जरूर करावी. समुद्राची ओढ अशीच लागते.

काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. एक-दोनदा पाण्याखाली जाऊन आलेला किंवा नुकतंच पहिलं प्रमाणपत्र मिळालेला माणूस एखाद्या मुरलेल्या डायव्हरबरोबर जातो. हा नेता म्हणतो, ‘अजून थोडं खाली जाऊ, मी आहे ना!’ आता मागून कुणी धरलेलं नसतं. गाडी तुमची तुम्हीच चालवायची असते, फक्त रस्ता दुसऱ्याने ठरवलेला असतो. अशा बुडीला जगभरचे डायव्हर ‘ट्रस्ट-मी डाइव्ह’ म्हणतात आणि नवख्यांना तिच्यापासून लांब राहायला सांगतात.

पॅडीसारख्या प्रशिक्षण संस्थांनी मर्यादा आखून दिल्या आहेत. पहिल्यांदा अनुभव घेणाऱ्याला 12 मीटर, प्राथमिक प्रमाणपत्र असलेल्याला 18, पुढच्या टप्प्यावर 30, आणि हौशी डायव्हरसाठी जास्तीत जास्त 40. आपल्याच किनाऱ्यासमोरचं उदाहरण घ्या. कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेलं आंग्रिया बँक हे बुडालेलं प्रवाळ पठार विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त आत आहे आणि त्याचा माथाच सुमारे 20 मीटर खोल आहे. म्हणजे नवशिक्याचं प्रमाणपत्र जिथे संपतं, त्याच्याही खाली ते सुरू होतं.

हे आकडे कुणी मनात आलं म्हणून ठरवलेले नाहीत, त्यांच्यामागे शरीर आणि दाब यांचं नातं आहे. समुद्रसपाटीवर आपल्यावर एक वातावरणाइतका दाब असतो आणि पाण्यात दर 10 मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते. 10 मीटरवर दुप्पट, 30 मीटरवर चौपट. दाब वाढला की वायू आकसतो, कमी झाला की फुगतो. बॉईलचा हा नियम इथल्या केडीके महाविद्यालयातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. आता तो छातीला लावून बघा. 10 मीटरवर सिलिंडरमधून फुप्फुसं भरून श्वास घेतला आणि तो रोखून वर आलं, तर पृष्ठभागापर्यंत त्या हवेला दुप्पट जागा लागते. तेवढी जागा छातीत नसते. फुप्फुसाची नाजूक भित्तिका फाटते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. अगदी एक-दीड मीटरवरून वर येतानाही हे घडू शकतं. मुखवट्यात पाणी शिरलं की घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो: श्वास कोंडतो आणि वर झेपावतो. तीन मीटर पुढे असलेला नेता कितीही कसलेला असो, त्याला दुसऱ्याच्या वतीने श्वास सोडता येत नाही.

आणि तुम्ही घाबरलात हे त्याला कळणार तरी कसं? हाक मारता येत नाही. सिलिंडरवर ठकठक केली तरी पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटरच्या वेगाने धावतो आणि दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच क्षणी आदळतो. त्यामुळे तो कोणत्या बाजूने आला ते ओळखू येत नाही. नेत्याने मागे वळून पाहिलं तरच तुम्ही आहात.

हवेचा हिशेब तर कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने हवा भरली की मोकळ्यावर ती सुमारे 2400 लिटर होते. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर वापरतो असं धरू. 30 मीटरवर त्यालाच 80 लिटर लागतात. साधारण 50 बार, म्हणजे 600 लिटर, राखीव ठेवून वर यायचं असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. आता समजा, तळाशी तुमची हवा संपली आणि नेत्याकडे हे 600 लिटर उरले आहेत. दोघेही घाबरलेले, म्हणून प्रत्येकाचा वापर दुप्पट. मिनिटाला 9 मीटर या सुरक्षित गतीने वर यायला सव्वातीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. वाटेतला सरासरी दाब अडीच वातावरणांचा धरला, तर दोघांना मिळून सुमारे 660 लिटर लागतील. ते त्याच्याकडे नाहीत. तळाशी एकमेकांना शोधण्यात आणि त्याची जास्तीची नळी तोंडात धरण्यात गेलेला वेळ तर यात धरलेलाच नाही. तरबेज डायव्हर कमी हवा वापरतो, नवखा धापा टाकत जास्त. आपल्या मीटरवर नजर ठेवून तळाचा वेळ ठरवणारा नेता, तुमच्या मीटरकडे पाहायला विसरला की असा प्रसंग ओढवतो.

भरीला 30 मीटरच्या आसपास दाबाखालचा नायट्रोजन डोक्यावर अंमल करू लागतो. विचार मंदावतो, धीट वाटायला लागतं. तो अंमल नेत्यावरही चढतो.

या सगळ्याचा सर्वांत कठोर धडा पाण्याखालच्या गुहांनी दिला. फ्लोरिडातल्या गुहांमध्ये माणसं का मरतात, याचा अभ्यास शेक एक्सली या डायव्हरने केला आणि 1979 मध्ये ‘बेसिक केव्ह डायव्हिंग’ या छोट्या पुस्तकात मांडला. बाहेर नेणारी अखंड दोरी नाही, परतीसाठी पुरेशी हवा राखलेली नाही, झेपेल त्यापेक्षा जास्त खोली, हीच कारणं पुन्हा पुन्हा समोर आली. तिथल्या अनेक गुहांच्या तोंडाशी आजही यमदूताच्या चित्राचा फलक आहे. अशा गुहांमध्ये 300 हून अधिक डायव्हर मेले आणि त्यांत खुल्या समुद्रातले प्रशिक्षकही होते, असं त्यावर लिहिलेलं आहे. समुद्रात इतरांना शिकवणारा माणूस गुहेत नवशिक्याच असतो, हे त्याच्यामागून जाणाऱ्यांना सुचत नाही. खुद्द एक्सली 1994 मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोन या विवरात अतिखोल बुडी मारताना गेला.

लोकांना हे का सुचत नाही, याचं चांगलं उत्तर बर्फाच्या डोंगरांतून आलं आहे. इयन मॅक्कॅमन या संशोधकाने अमेरिकेतल्या हिमस्खलनाच्या 715 अपघातांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. त्याने दाखवलेल्या मनाच्या सापळ्यांपैकी एक असा: एखाद्याबद्दल एकूण मत चांगलं झालं, की त्याच्याकडे नसलेलं कौशल्यही आपण त्याच्या पदरात टाकतो. तो वयाने मोठा असतो, ठामपणे बोलतो, वाट त्याला ठाऊक असते, तेवढ्यावर गट त्याच्यामागे जातो. आपल्याकडे तर ज्येष्ठाला उलट विचारणं म्हणजे उद्धटपणा. पाण्याच्या काठावर हा संकोच सोडलाच पाहिजे.

पण शिक्षण नसलेल्यांना केवळ नेत्याच्या भरवशावर गुहेतून बाहेर काढलंच होतं की, असं कुणी म्हणेल. थायलंडमधल्या थाम लुआंगचा, जुलै 2018 चा तो प्रसंग. गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर कंपनीच्या तज्ज्ञांनीही मदत केली होती. तिथे अडकलेल्या 12 मुलांना आणि त्यांच्या प्रशिक्षकाला डायव्हिंग शिकवत बसायला वेळ नव्हता. म्हणून रिचर्ड हॅरिस या गुहेत डायव्हिंग करणाऱ्या भूलतज्ज्ञाने त्यांना केटामाइन देऊन बेशुद्ध केलं आणि पूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे लावून डायव्हरांनी त्यांना अक्षरशः सामानासारखं बाहेर आणलं. जगातल्या सर्वोत्तम डायव्हरांनाही घाबरलेला, जागा, अप्रशिक्षित सोबती नको होता. सगळी मुलं वाचतील याची खात्री खुद्द हॅरिसलाही नव्हती. दुसरा मार्गच उरला नाही तेव्हाचा हा उपाय होता, सहलीचा नमुना नव्हे.

आपल्या किनाऱ्यावर ही गोष्ट आता आणखी महत्त्वाची होणार आहे. नौदलातून जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायची राज्याची योजना आहे. बुडालेलं जहाज बाहेरून पाहणं वेगळं आणि त्याच्या पोटात शिरणं वेगळं. आत डोक्यावर छप्पर येतं, सरळ वर येण्याची वाट बंद होते आणि हौशी डायव्हरसाठी ती गुहाच होते. त्यासाठीचं वेगळं शिक्षण नसेल तर ‘मी आहे ना’ म्हणणाऱ्याला दारातच नकार द्या. शिकायचं असेल तर तिथून फार लांब जायला नको. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. मुखवट्यातलं पाणी काढणं, दुसऱ्याची हवा घेणं, श्वास न रोखता एकट्याने वर येणं हे पुन्हा पुन्हा घोटून घ्या. पाण्यात उतरण्याआधी नेत्याला विचारा: किती खोल, किती वेळ, किती हवा उरली की परतायचं, आणि चुकामूक झाली तर काय करायचं. उत्तर देताना तो वैतागला, तर त्या दिवशी होडीतच बसा.

आणि परतीचं तिकीट जपून काढा. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानातला दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी गोव्याहून नागपूरचं विमान असा बेत केला, तर त्रास सुरू होईल तेव्हा तुमचा नेता किनाऱ्यावरच राहिलेला असेल. एकच डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, एकाहून जास्त केल्या असतील तर किमान 18 तास विमानात बसू नका.