ऑइलचं वय कशावर मोजायचं?

‘ऑइल किती किलोमीटरला बदलायचं?’ हा प्रश्न गाडी घेतलेला प्रत्येकजण कधी ना कधी विचारतो, आणि उत्तरं देणारेही पुष्कळ भेटतात. शेजारी सांगतो पाच हजार, शोरूमवाला सांगतो दहा हजार, ऑफिसातला मित्र म्हणतो वर्षातून एकदा बास. तिघेही खरं बोलत असतील, कारण तिघांच्या गाड्या वेगवेगळ्या धावतात. मॉडेल एक, ऑइल एकाच कंपनीचं, तरी ते किती टिकणार हे गाडी कशी वापरली जाते यावर ठरतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात एकाच सकाळी दोन गाड्यांचं ऑइल सोडताना पाहिलं, तेव्हा ही गोष्ट मला नीट उमगली.

दोन्ही गाड्या पेट्रोलच्या आणि एकाच मॉडेलच्या होत्या. एक टुरिस्टची. कोल्हापूर–पुणे महामार्गावर सतत ये-जा, त्यामुळे चारेक महिन्यांतच तिचे दहा हजार किलोमीटर होत आले होते. दुसरी राजारामपुरीतल्या एका निवृत्त शिक्षकांची. मंडई, अंबाबाईचं देऊळ, नातवाची शाळा, एवढाच तिचा फेरा. वर्ष उलटून गेलं होतं आणि ऑइल बदलल्यापासून गाडी जेमतेम अडीच हजार किलोमीटर चालली होती. ‘अजून साडेसात हजार शिल्लक आहेत, पण मुलगा फोनवर म्हणाला दाखवून या, म्हणून आलो,’ असं सरांचं म्हणणं.

मिस्त्रींनी आधी सरांच्याच गाडीचं बॉनेट उघडलं. ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून सरांसमोर धरलं. आतल्या बाजूला, दुधावर साय धरावी तसा, पिवळट पांढरा थर होता. बोटाने पुसला तर चिकट लागला. टुरिस्ट गाडीचं झाकण उघडलं, ते आतून स्वच्छ होतं, नुसतं तेलकट.

‘सर, गाडी तापतच नाही तुमची,’ मिस्त्री म्हणाले. ‘तीन किलोमीटर जाताय, बंद करताय. आतलं पाणी आतच राहतंय.’

सरांनी विचारलं, ‘पाणी कुठून आलं? रेडिएटर फुटलाय का?’

रेडिएटर शाबूत होता. कूलंटची पातळी मिस्त्रींनी आधीच पाहून ठेवली होती. कूलंट कमी होत असेल आणि गेजच्या काडीवरचं ऑइलही दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यायची. इथे पाणी आलं होतं ते पेट्रोलमधूनच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. पण पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट बसल्या तरी थोडा धूर, थोडी वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल खाली, ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये उतरतंच. लांबच्या प्रवासात ऑइल नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापतं, तेव्हा हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं आणि नळीवाटे पुन्हा इंजिनात ओढलं जाऊन जळतं. छोट्या फेरीत ऑइल तेवढं तापतच नाही. डॅशबोर्डवरचा काटा पाच-सात मिनिटांत मधोमध येतो खरा, पण तो कूलंटचं तापमान दाखवतो. ऑइलला पुरतं तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. रोज तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत पाणी साचत राहतं, पेट्रोलने ऑइल पातळ होतं, आम्ल तयार होतं, आणि त्या आम्लाला मारायला ऑइलमध्ये घातलेली रसायनं संपत जातात.

इथे किलोमीटरच्या हिशेबाचा अपुरेपणा दिसतो. साधं गणित मांडून पाहा. महामार्गावर सरासरी ताशी 60 किलोमीटर वेगाने 10,000 किलोमीटर कापायला इंजिन सुमारे 167 तास चालतं. पुण्या-मुंबईच्या गर्दीत सरासरी ताशी 15 पडली, तर तेवढ्याच 10,000 किलोमीटरला 667 तास लागतात. ओडोमीटरवर आकडा तोच, पण इंजिनाने काम केलं चौपट वेळ. सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन फिरतच असतं, ऑइल तापतच असतं, मीटर मात्र जागचा हलत नाही.

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत हे सगळं लिहिलेलं असतं. ती पुस्तिका बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या वेष्टनासकट पडून असते, ही खेदाची गोष्ट आहे. आपल्याकडच्या बऱ्याचशा पेट्रोल गाड्यांना 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी होईल ते, असा नियम आहे. काही कंपन्या 15,000 किलोमीटर देतात, पण वर्षाची अट तिथेही असते. त्याच तक्त्याच्या खाली किंवा पुढच्या पानावर ‘कठीण परिस्थितीतला वापर’ असा वेगळा भाग असतो. सतत छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, तासन्‌तास रखडणारी रहदारी, घाट, जड ओझं ओढणं, अशा वापरासाठी तिथे मुदत बरीच कमी केलेली असते, पुष्कळदा निम्मी. हा भाग वाचला की मनात येतं, कठीण म्हणून जे सांगितलंय तोच तर आपला रोजचा वापर. हिंजवडीला नोकरीला जाणारा, उन्हाळ्यात मराठवाड्याच्या धुळीतून फिरणारा, आंबा घाटातून रत्नागिरीला सारखा ये-जा करणारा, हे सगळे त्या दुसऱ्या तक्त्यातले.

ऑइल नेमकं करतं काय, हे कळलं की या तक्त्यांमागचं कारणही कळतं. इंजिनात क्रँकशाफ्ट आणि बेरिंग एकमेकांना टेकतात असं आपण समजतो, पण चालत्या इंजिनात ते टेकत नाहीत. शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. हा थर काही मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ. याचा शोध लागला तो रेल्वेच्या बेरिंगवर. 1883 साली बीचम टॉवर या इंग्रज इंजिनिअराने प्रयोगातल्या बेरिंगला वरून भोक पाडलं. शाफ्ट फिरू लागला तसं त्या भोकातून तेल वर येऊ लागलं. त्याने बूच ठोकलं, तर बूच हळूहळू बाहेर ढकललं गेलं. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेलात एवढा दाब तयार करतो की तेवढ्यावर तो उचलला जातो, हे त्यातून दिसलं. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. आजही बेरिंगची आखणी त्याच गणितावर होते.

हा थर टिकायचा तर ऑइलचा घट्टपणा ठरलेल्या मर्यादेत राहायला हवा. पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल थर धरत नाही. उष्णतेने आणि हवेने जुनं झालेलं ऑइल उलट घट्ट होतं, त्याचा चिखल बनतो, आणि तो चेंबरमधल्या जाळीवर बसतो. पंप ओढतो, पण ऑइल पुरतं वर जात नाही. पहिला मार बसतो टर्बोला, टायमिंग चेनच्या टेन्शनरला, टॅपेटला. सकाळी स्टार्ट केल्यावर टकटक ऐकू येते, ती काही दिवसांनी दिवसभर येऊ लागते. त्यानंतर जे इंजिनकाम निघतं, त्या पैशांत कित्येक वर्षांचं ऑइल आलं असतं.

काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल, ही समजूत मात्र सोडायला हवी. ऑइलमध्ये काजळी धुऊन काढणारी आणि ती तरंगती ठेवणारी रसायनं घातलेली असतात. ऑइल काळं होतं ते ही रसायनं काम करतात म्हणून. डिझेल गाडीत नवं ऑइल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळंशार होतं आणि तरी पुढे हजारो किलोमीटर चांगलं चालतं. त्या सकाळी टुरिस्ट गाडीचं ऑइल सरांच्या गाडीपेक्षा काळं होतं, पण बोटांत चोळल्यावर गुळगुळीत लागत होतं आणि त्याला पेट्रोलचा वास नव्हता. सरांच्या गाडीचं दिसायला बरं, पण नाकाजवळ नेलं की पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता. वासाने आणि बोटाने अंदाज येतो, नक्की निदान प्रयोगशाळेतच होतं. म्हणून पुस्तिकेतल्या मुदतीवर चालणं हाच सामान्य माणसासाठी भरवशाचा मार्ग.

डिझेलवाल्यांनी एक वेगळी गोष्ट सांभाळायची. एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी जादा डिझेल सोडून काजळी जाळते. गाडी फक्त गावात फिरत असेल तर हे जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा पुन्हा सुरू होतं, आणि बऱ्याच गाड्यांत त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. अशा गाडीत गेजच्या काडीवर ऑइलची पातळी वर चढलेली दिसते. ऑइल कमी झालं नाही म्हणून समाधान मानू नये. वाढलेलं ऑइल हे ते बदलायची वेळ झाल्याचं लक्षण आहे.

बदलण्याचं काम तसं अर्ध्या तासाचं, पण नीट करणाऱ्याचा हात ओळखू येतो. मिस्त्रींनी इंजिन थोडं गरम करून घेतलं, कारण कोमट ऑइल पटकन उतरतं आणि तळाची घाण सोबत घेऊन येतं. चेंबरखाली भांडं सरकवून ड्रेन नट सोडला. सुरुवातीला जाड धार, मग करंगळीएवढी, मग थेंब. थेंब थांबेपर्यंत त्यांनी नट लावला नाही. नटाचा वायसर नवा घातला. जुना वायसर एकदा दाबला गेला की पुन्हा नीट बसत नाही, गळती तिथूनच सुरू होते. नट आवळताना ते जोर लावत नव्हते. चेंबर ॲल्युमिनियमचं असलं आणि आटे गेले, तर दहा रुपयांच्या घाईपायी हजारोंचं काम. नवा फिल्टर चढवण्याआधी त्याच्या रबरी रिंगेला बोटाने ऑइल लावलं. फिल्टर रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवला, मग पाऊण फेरा. ऑइल बदलायचं आणि फिल्टर जुनाच ठेवायचा, हे त्यांना अजिबात मान्य नाही. जुन्या फिल्टरमध्ये घाणेरडं ऑइल अडकलेलं असतं, ते पहिल्याच मिनिटात नव्यात मिसळतं. शिवाय फिल्टर तुंबला की त्यातला झडप-मार्ग उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं.

या गाडीला सव्वातीन लिटरच्या आसपास ऑइल लागतं. थोडं कमी ओतून इंजिन मिनिटभर चालवलं, बंद केलं, थोडा वेळ थांबले, मग गेजची काडी पुसून पुन्हा घातली. वरच्या खुणेच्या वर जाऊ द्यायचं नाही. जास्त झालं तर क्रँक त्यात बुडून फेस करतो आणि फेसाळ ऑइलला दाब धरता येत नाही.

डब्यावरचा आकडाही पुस्तिकेतलाच हवा. 5डब्ल्यू-30 मधला पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती घट्ट राहतं ते. नव्या पेट्रोल गाड्यांना 0डब्ल्यू-20 किंवा त्याहूनही पातळ ऑइल सांगितलेलं असतं. ‘आपल्याकडे गरमी, जाडच घाला’ हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला. नव्या इंजिनांच्या फटी आणि पंप पातळ ऑइल धरून आखलेले आहेत. सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकतं, पण त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल तेवढंच त्रासदायक. महाग ऑइल घातलं म्हणून वर्षाची अट उठत नाही.

काढलेल्या ऑइलचंही पाहायला हवं. ते कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. गटारात किंवा मातीत ओतलेलं ऑइल पावसाबरोबर ओढ्या-नद्यांत जातं. शुद्ध करून त्यापासून पुन्हा ऑइल बनतं. एप्रिल 2024 पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी नवं ऑइल विकणाऱ्या उत्पादकांवरही टाकली आहे. या गॅरेजात ते बॅरलमध्ये साठवून परवानाधारक गोळा करणाऱ्याला देतात. आपल्या गॅरेजात काय करतात, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

‘मग सर, आता असं करा,’ मिस्त्री म्हणाले, ‘दर सहा महिन्यांनी ऑइल बदला, किलोमीटर बघू नका. आणि आठवड्यातनं एकदा जोतिबाला जाऊन या. गाडीबी तापंल, दर्शनबी हुईल.’

दुसऱ्या सूचनेत शास्त्र पक्कं आहे. घाट चढून ऑइल चांगलं तापलं की साचलेलं पाणी उडून जातं. टुरिस्टवाल्याला त्यांनी दहा हजारचीच मुदत दिली, आणि ती त्याच्या वापराला योग्य होती. आपली मुदत कोणती, हे ठरवायला पुस्तिकेतले ते दोन तक्ते आणि आपला खरा रोजचा फेरा पुरेसा आहे. एकदा ठरली की तारीख आणि किलोमीटर दोन्ही लिहून ठेवायचे, यांतलं जे आधी येईल ते पाळायचं, आणि दर पंधरा दिवसांनी सपाट जागी गाडी उभी करून गेजची काडी पाहायची. एवढं करणाऱ्याचं इंजिन ऑइलपायी उघडावं लागण्याची वेळ सहसा येत नाही.