सोळाचं टूल कशात धरायचं?

भोसरी एमआयडीसीतल्या या शेडमध्ये सकाळची पाळी नुकतीच लागली आहे. दोन व्हीएमसी चालू आहेत, तिसरी गप्प. तिच्या उघड्या दारातून मामा कमरेपर्यंत आत वाकलेत. टेबलावर पी-२० पोलादाचा ठोकळा बांधलाय, प्लास्टिकच्या मोल्डचा खालचा अर्धा भाग. त्यातलं पॉकेट रात्रपाळीने रफ काढलंय. तळाचा डावा भाग एका पातळीत आहे, उजवा किंचित खाली. डोळ्यांना जेमतेम जाणवतं. मामा नख फिरवतात आणि मधल्या रेषेवर नख अडकतं.

"टूल उतरलंय."

शिकाऊ मुलगी डेप्थ मायक्रोमीटर लावून आकडे मोठ्याने वाचते. इकडे ३४.७०, तिकडे ३४.८८. ड्रॉइंगमध्ये खोली ३५ आहे. फिनिशसाठी तळाला ०.३० मिमी माल ठेवला होता, त्यातला ०.१८ टूलने परस्पर खाल्ला.

मागे चहाचा कप घेऊन उभे असलेले शेठ विचारतात, "गेला का जॉब?"

"नाही. पॉइंट बारा माल आहे अजून. थोडक्यात वाचलाय."

मामा बटण दाबतात, फस्सकन हवा सुटते आणि बीटी-४० होल्डर त्यांच्या हातात येतो. या होल्डरचा शंकू चांगलाच उतरता, २४ ला ७ या प्रमाणात. एवढ्या उतारामुळे तो स्पिंडलमध्ये आपोआप अडकून राहत नाही. वरच्या टोकाचा पुल स्टड धरून तबकड्यांच्या स्प्रिंगा त्याला वर ओढून ठेवतात. हवेच्या दाबाने स्प्रिंगा दबल्या की होल्डर लगेच मोकळा. मामा शंकूवरून अंगठा फिरवतात. त्यावर ओरखडा नाही, चिप दबल्याची खूण नाही. म्हणजे वरची पकड शाबूत आहे, सुटली ती खालची.

टेबलावरच्या स्टँडमध्ये होल्डर उभा करून ते नट सोडतात आणि १६ मिमीचं कार्बाइड एंडमिल उजेडाकडे धरतात. शँक गुळगुळीत, करडा. त्यावर पुढच्या बाजूला बारीक चकचकीत ओरखडे, सगळे एकाच दिशेला तिरके. टूल नुसतं फिरलं असतं तर आडव्या रेघा उठल्या असत्या. तिरक्या उठल्या, कारण ते फिरत फिरत खाली सरकलं. या एंडमिलची नागमोड ४५ अंशांची, उजवी. कापताना माल त्या नागमोडीला धरून टूलला होल्डरबाहेर ओढतो, लाकडात स्क्रू आपसूक आत जातो तसं. पकड कमी पडली की टूल दर फेरीला केसभर उतरतं आणि तळ खोल होत जातो. मशीनला यातलं काही कळत नाही. पडद्यावर सगळे आकडे बरोबरच दिसतात.

मामा कोलेट मुलीच्या हातात देतात. "नंबर वाच."

"ईआर-३२. सतरा-सोळा."

"आणि टूल?"

"सोळा. पण मामा, बसलंय की त्यात."

"बसतंय गं. धरत नाही."

ईआर जातीच्या कोलेटला दोन्ही टोकांकडून आलटूनपालटून चिरा असतात. नट आवळला की कोलेट होल्डरच्या शंकूत दाबलं जातं, चिरा मिटतात आणि टूल चहूबाजूंनी आवळलं जातं. ईआर-३२ मधलं एक कोलेट साधारण १ मिमी मिटू शकतं. 'सतरा-सोळा' म्हणजे १७ पासून १६ पर्यंत. सोळाचा शँक त्यात धरायचा तर ते मिटण्याच्या शेवटच्या हद्दीवर जातं आणि आतून सगळीकडे सारखं टेकत नाही. 'सोळा-पंधरा' घेतलं तर तोच शँक मूळ मापावर, पूर्ण अंगाने धरला जातो. दोन्ही कोलेटं ट्रॉलीत शेजारीशेजारी आहेत. रात्री हाताला लागलं ते घेतलं गेलं.

"दुसरं बघ. टूल बाहेर किती होतं?"

सेटिंग शीटवर ६० लिहिलंय. टूलची एकूण लांबी ९२. म्हणजे कोलेटच्या आत फक्त ३२ आणि कोलेट ४० मिमी लांब. मागचा भाग रिकामाच राहिला. शिवाय नट आखूड पान्याने, अंदाजाने आवळलेला. या नटाला १३५ न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो. त्यासाठीचा टॉर्क रेंच कपाटात आहे, कपाटाची किल्ली शेठकडे. शेठ काही न बोलता किल्ली काढून ट्रॉलीवर ठेवतात.

आता निवड. ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात बीटी-४० चे होल्डर ओळीने उभे आहेत: कोलेटचे चार, साइड-लॉकचे दोन, एक हायड्रॉलिक, एक ड्रिल चक. ड्रिल चकचा विचार करायचा नाही. त्याचे तीन जबडे ड्रिलचा सरळ खाली येणारा दाब सोसतात, एंडमिलचा आडवा मार त्यांच्यासाठी नाही. मुलगी हायड्रॉलिककडे बोट करते. "सगळ्यात भारी हाच ना?"

"भारी आहे, पण रफिंगला नको. रफिंगला टूल थोडं वाकडं फिरलेलं चालतं. सुटलेलं चालत नाही."

मामा साइड-लॉक उचलतात. याच्यात कोलेट नाही. सरळ भोक आणि बाजूने आत येणारा जाड स्क्रू. तो टूलच्या शँकवर घासून काढलेल्या सपाट खाचेवर टेकतो. रात्रीच्या टूलचा शँक नितळ गोल, त्यामुळे ते इथे उपयोगाचं नाही. मामा ड्रॉवरमधल्या डब्या चाळत जातात. 'एचए' लिहिलेली बाजूला, 'एचए' लिहिलेली बाजूला, मग 'एचबी' सापडते. एचए म्हणजे साधा शँक, एचबी म्हणजे खाचेचा. टूल आत सारून ते लगेच स्क्रू आवळत नाहीत. आधी स्क्रू नुसता टेकवतात, टूल थोडं बाहेर खेचतात, खाचेची कड स्क्रूला भिडली की मगच एलन की फिरवतात.

"खेचलं कशाला?"

"कापताना ते बाहेरच येऊ बघणार. आत्ताच आणून ठेवलं, मग जायला जागा नाही."

लिव्हर डायल लावून मामा स्पिंडल हाताने फिरवतात. काटा २५ मायक्रॉन हलतो. स्क्रू एकाच बाजूने दाबतो, त्यामुळे टूल भोकाच्या दुसऱ्या भिंतीला सरकतं आणि मध्यापासून ढळतं. साइड-लॉकचा हा दोष जन्मजात आहे आणि मामा तो डोळे उघडे ठेवून पत्करतात. भिंतींना फिनिशसाठी माल आहेच, रफिंगची ही चूक त्यात निघून जाईल.

फिनिशच्या ६ मिमीच्या, दोन दातांच्या एंडमिलला मात्र हा हिशोब लागू पडत नाही. मामा मशीनच्या पत्र्यावर मार्करने लिहितात. दर दाताला फीड ०.०३. रनआउट, म्हणजे डायलचा काटा हलतो तेवढं ढळणं, ०.०२ धरला तर एका दाताला ०.०५ माल येतो आणि दुसऱ्याला ०.०१. पहिला मरतो जास्त कापून. दुसरा नुसता घासतो, आणि घासून घासून तोही मरतो. टूल दोन दातांचं, काम एकाचं. इथे हायड्रॉलिक लागतो. त्याच्या भोकाभोवती पातळ पोलादी भिंत आणि तिच्यामागे तेल. एलन स्क्रू फिरवला की तेलाचा दाब वाढतो आणि ती भिंत शँकभोवती सगळीकडून सारखी आवळली जाते. सहाची स्लीव्ह घालून टूल बसतं. डायलचा काटा ४ मायक्रॉन हलतो, म्हणजे हलल्यासारखा वाटतो इतकंच. "एकच लक्षात ठेव," मामा बजावतात, "आत टूल नसताना हा आवळायचा नाही. भिंत बसते ती कायमची."

८.५ च्या ड्रिलला कोलेट पुरे आहे. पुढे एम-१० चा टॅप मारायचाय. मुलगी कोलेट सरळ होल्डरमध्ये टाकून वरून नट फिरवायला जाते. मामा तिचा हात धरतात. कोलेट आधी नटमध्ये. तिरकं धरून दाबायचं, नटाच्या आतली कडी कोलेटच्या खोबणीत टक् करून बसते, मग टूल, मग होल्डर. तसं नाही केलं तर पुढे नट सोडला तरी कोलेट शंकूत रुतून राहतं, बाहेर ओढायला काही उरत नाही.

एव्हाना शेठनी मोबाइलवर श्रिंक-फिटचा कॅटलॉग उघडलाय. होल्डर इंडक्शनने तापवायचा, भोक फुगलं की टूल आत सोडायचं, निवलं की पकड घट्ट. "हे घेऊन टाकू का? कटकटच मिटेल."

मामा चष्मा लावून चित्र नीट बघतात. "चांगलं आहे. पण तापवायचं मशीन वेगळं घ्यायचं, प्रत्येक मापाला होल्डर वेगळा. आपल्याकडे रोज जॉब बदलतो. आणि रात्रीचं दुखणं याने जाणार नाही."

साइड-लॉक पुन्हा स्पिंडलमध्ये चढवून ते हँडव्हीलने हळूहळू खाली आणतात. साइड-लॉकमध्ये टूल किती बाहेर ठेवायचं ते आपल्या हातात नसतं, खाच ठरवते. इथे ४४ मिमी आहे. पॉकेट ३५ खोल, म्हणजे तळाशी गेल्यावर होल्डरचं तोंड ठोकळ्यापासून ९ मिमी वर राहील. ठोकळ्याचे क्लॅम्प बाजूच्या खाचांत आहेत, पण त्यांचे स्टड ठोकळ्याच्या माथ्यावरही २० मिमी डोकावताहेत. पॉकेटच्या कडेला होल्डर त्यांच्यावर आदळणार. रात्री टूल ६० पर्यंत का बाहेर काढलं, ते आत्ता उलगडतं. स्टड चुकवायला टूल लांबवलं, म्हणून कोलेटच्या आत कमी राहिलं. लांबवलेलं टूल वाकतंही जास्त: वाकणं लांबीच्या घनाने वाढतं, ६० चं ४५ केलं तर ते निम्म्याहून कमी होतं.

ड्रिलिंग मशीनवरचे आखूड स्टड तात्पुरते काढून आणले जातात. मुलगी क्लॅम्प बदलते, मामा मोकळी फेरी मारून बघतात. होल्डर सगळीकडून साफ जातो.

"मग आणायचं काय?" शेठ विचारतात. मोबाइल अजून हातातच आहे.

"चार बुटके स्टड आणा."

"तेवढ्याने भागेल?"

"सोळाच्या टूलचं भागेल," मामा दार ओढून घेत म्हणतात. "सहाच्यासाठी हायड्रॉलिक एकच आहे आणि मशिनी तीन. अजून एक लागेल. तो मात्र लिहून घ्या."