किती हॉर्सपॉवर? आधी प्रश्न तपासू या

आधी एक खुलासा. ट्रोलिंग म्हणजे जाळं ओढणारं ट्रॉलिंग नव्हे. इथे बोट सावकाश चालते आणि मागे दोऱ्यांना बांधलेली आमिषं ओढत नेते. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात सॅमन असाच धरतात, वेग साधारण ताशी 4 किलोमीटर. मुख्य इंजिन 150 हॉर्सपॉवरचं असेल तर ते आयडलवरसुद्धा यापेक्षा जोरात पळतं. म्हणून शेजारी एक छोटी मोटर लावतात. ती किती हॉर्सपॉवरची घ्यायची?

उत्तर शोधण्याआधी आकडेमोड करून बघा. 6 मीटरची बोट घेऊ. पाण्याला टेकलेलं क्षेत्रफळ 10 चौरस मीटर, रोध गुणांक 0.006 धरा. वेग सेकंदाला 1.1 मीटर. पाण्याचा रोध येतो जेमतेम 40 न्यूटन. आता समोरून सेकंदाला 8 मीटरचा वारा आणि बोटीचं 3 चौरस मीटर तोंड धरा. वाऱ्याचा रोध जवळपास 150 न्यूटन! म्हणजे या वेगाला बोटीचा खरा विरोधक पाणी नाही, वारा आहे. (माझ्या मते या विषयातली सगळ्यात मजेची गोष्ट हीच.) एकूण 190 न्यूटन गुणिले 1.1, म्हणजे फक्त 210 वॅट.

मग 55 पौंड थ्रस्टची इलेक्ट्रिक मोटर, म्हणजे 245 न्यूटन, पुरेल की! पण थांबा. तो आकडा बोट जागच्या जागी उभी असतानाचा असतो, वेग आला की थ्रस्ट घटतो. शिवाय पूर्ण जोरावर ती 12 व्होल्टला सुमारे 50 अँपिअर खेचते. 100 अँपिअर-तासाची बॅटरी दोन तासांत संपली. सॅमनवाले दिवसभर फिरतात.

म्हणून तिथे 9.9 हॉर्सपॉवरची पेट्रोल मोटर जास्त दिसते. (10 का नाही? अमेरिकेतल्या बऱ्याच तलावांवर 10 ची मर्यादा असते.) 9.9 म्हणजे 7.4 किलोवॅट. गरजेच्या कितीतरी पट, मान्य. पण मुख्य इंजिन किनाऱ्यापासून 15 किलोमीटरवर बंद पडलं, वारा वाढला, तर हीच मोटर घरी आणते. वेग दुप्पट केला की पाण्याचा रोध निदान चौपट होतो, त्यासाठीची शक्ती आठपट. ती राखीव ताकद तेव्हा लागते.

तरीही दोन 9.9 सारख्या नसतात. उभ्या बोटीवर, तेवढ्याच शक्तीत, पंख्याचा व्यास दुप्पट केला तर आदर्श थ्रस्ट सुमारे 1.6 पट मिळतो, कारण जास्त पाणी हळू ढकलणं स्वस्त पडतं. म्हणून 'हाय थ्रस्ट' मॉडेलमध्ये मोठा, कमी पिचचा पंखा आणि तो सावकाश फिरवणारा गिअर असतो. जड बोटीला तेच घ्या. शाफ्टही लांब हवा. लाटेवर मागचा भाग उचलला की आखूड शाफ्टचा पंखा हवेत फिरतो आणि थ्रस्ट गायब.

वरच्या गणितात दोऱ्यांचा आणि त्यांना लटकवलेल्या वजनांचा रोध मी धरलेला नाही. चार दोऱ्या धरून तुम्ही करून बघा, 190 चा आकडा किती हलतो ते.