चढताना बरा, उतरताना दुखरा : नव्या गुडघ्याने जिना कसा चढावा?

(आमच्या प्रतिनिधीकडून)

अमरावती : गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडते, टाके सुकू लागतात, रुग्णालयातून घरी जाण्याचा दिवस उजाडतो. मोटार दारापाशी थांबते आणि तेव्हा प्रथमच साऱ्यांच्या ध्यानात येते, की आपले घर माडीवर आहे. अमरावतीच्या परकोटाच्या आतील जुनी घरे असोत, अकोल्याच्या जुन्या शहरातील अरुंद जिने असोत, की दोन्ही शहरांत अलीकडे उभ्या राहिलेल्या उद्वाहकाविना दुमजली, तिमजली इमारती असोत, प्रश्न सर्वत्र सारखाच आहे. बदललेल्या गुडघ्याची पहिली खरी परीक्षा घरच्या जिन्यावरच होते.

या परीक्षेत दोन प्रकारच्या चुका घडतात. काही रुग्ण धीर करून पूर्वीच्याच सवयीने जिना चढू-उतरू लागतात आणि तोल जाऊन पडतात. कृत्रिम सांध्याच्या लगतचे हाड मोडले, तर त्याची दुरुस्ती पहिल्या शस्त्रक्रियेहून अवघड असते. दुसरीकडे कित्येक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, जिन्याच्या धास्तीने माडीवरच्या खोलीत महिनोन् महिने अडकून पडतात. चालणे थांबते, स्नायू क्षीण होतात आणि ज्या हिंडण्याफिरण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच हातचे निसटते. जिना शास्त्रशुद्ध पद्धतीने चढणे हा या दोन्हींवरचा उपाय आहे.

पंतप्रधानांपासून सामान्यांपर्यंत

मराठी घरांतून या शस्त्रक्रियेची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली ती तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला. न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्या शस्त्रक्रिया केल्या. त्या काळी श्रीमंतांची समजली जाणारी ही शस्त्रक्रिया पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरात असलेल्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत तेव्हा करांव्यतिरिक्त ५४ हजार ७२० रुपये ठरविण्यात आली. गुडघा आवाक्यात आला. जिना मात्र आहे तेथेच राहिला.

जिनाच अवघड का?

सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारणतः ६५ ते ७० अंशांपर्यंत वाकतो. जिना चढताना तो ८० अंशांहून अधिक, तर उतरताना जवळपास ९० अंशांपर्यंत वाकावा लागतो. शिवाय भारही वाढतो. बर्लिन येथील संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यातच भारमापक यंत्रणा बसवून केलेली मोजमापे २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनुसार सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना तीन पटींहून थोडा अधिक, तर उतरताना जवळजवळ साडेतीन पट भार पडतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीच्या गुडघ्यावर उतरताना दोनशे किलोंहून अधिक भार येतो. उतरणे सोपे, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

हा भार पेलण्याचे काम मांडीच्या पुढील बाजूच्या स्नायूंचे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात या स्नायूंची शक्ती निम्म्याहूनही कमी होऊ शकते. धातूचा सांधा पहिल्या दिवसापासून भक्कम असतो. दुबळे असतात ते स्नायू. त्यामुळे मधूनच पाय लटपटतो.

एकच नियम

भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाला जो नियम शिकवितात, तो मराठीत चार शब्दांत सांगता येतो : चढताना बरा, उतरताना दुखरा. चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर ठेवावा. उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी खालच्या पायरीवर ठेवावा.

यामागील तर्क समजला, की नियम विसरला जात नाही. चढताना सारे शरीर वर उचलण्याचे काम वरच्या पायरीवरील पाय करतो. उतरताना शरीराला सावकाश खाली सोडण्याचे कामही वर राहिलेलाच पाय करतो. दोन्ही वेळी कष्ट वरच्या पायाला पडतात. म्हणून बळकट पाय नेहमी वरच्या पायरीवर असला पाहिजे.

दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले असल्यास जो पाय अधिक बळकट वाटतो, त्याला 'बरा' मानावे. काही महिन्यांच्या अंतराने बदलले असल्यास आधी बदललेला गुडघा बहुधा दुसऱ्या खेपेस 'बरा' ठरतो.

प्रत्यक्ष कृती

चढताना : एका हाताने कठडा धरावा, दुसऱ्या हातात काठी घ्यावी. पायरीच्या अगदी जवळ उभे राहावे. प्रथम बरा पाय वर ठेवावा. कठडा व काठीवर भार देऊन शरीर उचलावे. मग दुखरा पाय आणि काठी त्याच पायरीवर आणावी. दोन्ही पाय एका पायरीवर आल्याखेरीज पुढची पायरी घेऊ नये.

उतरताना : कठड्यावरील हात थोडा पुढे सरकवावा. प्रथम काठी खालच्या पायरीवर टेकवावी, तिच्यासोबत दुखरा पाय ठेवावा आणि नंतर बरा पाय त्याच पायरीवर आणावा. नजर पुढील पायरीवर असावी. कमरेतून पुढे झुकू नये.

चार पायांचा वॉकर जिन्यावर वापरू नये. तो खाली किंवा वर ठेवून जिन्यापुरती काठी घ्यावी. घरात दोन मजल्यांवर वावर असेल, तर दुसरा वॉकर भाड्याने आणणे उत्तम.

मदतीला असलेल्या व्यक्तीने नेहमी रुग्णाच्या खालच्या बाजूस राहावे : चढताना मागे एक पायरी खाली, उतरताना पुढे एक पायरी खाली. आपल्याकडे प्रेमापोटी दंड धरून वर ओढण्याची रीत आहे. त्याने तोल उलट बिघडतो. आधार द्यायचाच तर कमरेला द्यावा.

घराची तयारी आधी

शस्त्रक्रियेची तारीख ठरताच जिन्याकडे पाहावे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी घरातील पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा अधिक आणि रुंदी २५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. जुन्या माड्यांचे जिने याहून कितीतरी उभे असतात. जिना बदलता येत नाही. परंतु भिंतीच्या बाजूने भक्कम दांडा बसविता येतो. कठडा दोन्ही बाजूंना असणे सर्वांत हिताचे, कारण चढताना जो उजव्या हाताला असतो, तोच उतरताना डाव्या हाताला येतो.

गुळगुळीत फरशीच्या पायऱ्यांच्या कडेला खरखरीत, ठळक रंगाची पट्टी चिकटवावी. वर आणि खाली दोन्ही ठिकाणी दिव्याची कळ असावी. वीज गेल्यास उपयोगी पडेल असा विजेरी दिवा जवळ ठेवावा. पायपुसणी, चपलांचे जोड आणि कुंड्या पायरीवरून हटवाव्यात. जिना पुसल्यावर तो वाळेपर्यंत उतरू नये. सैल चप्पल, पायमोजे, घोळदार लुगडे वा लोंबणारे धोतर जिन्यावर घातक आहे. लुगड्याचे काठ घोट्याच्या वर खोचून घ्यावेत आणि मागून टाच झाकणारे पादत्राण घालावे.

शक्य असल्यास पहिले दोन-तीन आठवडे तळमजल्यावरच्या खोलीत अंथरूण घालावे. अंथरूण म्हणजे अर्थातच उंच पलंग. शौचाला खुर्चीवजा भांडे हवे, कारण उकिडवे बसण्यास लागणारा बाक नव्या गुडघ्याला सहसा झेपत नाही. तळमजल्यावर सोय नसेल, तर दिवसातून एकदाच खाली उतरण्याचा बेत आखावा. जिना पूर्णपणे टाळणे मात्र योग्य नव्हे.

किती दिवस?

बहुतेक ठिकाणी रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी काही पायऱ्या चढवून-उतरवून पाहतात. तसे न केल्यास नातेवाइकांनी आग्रहाने मागणी करावी आणि आपल्या घरी किती पायऱ्या आहेत, कठडा कोणत्या बाजूस आहे, हे सांगावे. एकेका पायरीवर दोन्ही पाय आणण्याची पद्धत साधारण सहा आठवडे पाळावी लागते. पुढे तीन महिन्यांपर्यंत बहुतेकांना एकाआड एक पाय टाकत चढणे जमू लागते. तसे उतरणे त्याहून उशिरा साधते. वय, वजन आणि व्यायामातील सातत्य यांनुसार हा कालावधी कमी-अधिक होतो. शेजारणीला महिन्यात जमले म्हणून आपल्यालाही जमलेच पाहिजे, असे नाही.

वेदनाशामक गोळी घेतल्यावर गुंगी वा भोवळ येत असेल, तर जिन्याला हात लावू नये. पोटरीत दुखणे व सूज, ताप, जखमेतून स्राव किंवा गुडघ्यात अचानक तीव्र कळ, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. एकाएकी दम लागला वा छातीत दुखू लागले, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याचे ते लक्षण असू शकते.

घराबाहेरच्या पायऱ्या

एसटीची पहिली पायरी घरच्या पायरीहून पुष्कळ उंच असते. नियम तोच, पण घाई नको. वाहकास आधी सांगून दांडा दोन्ही हातांनी धरावा. रेल्वेस्थानकात उद्वाहक वा उतरंड असल्यास संकोच न करता तिचा वापर करावा.

आणि देवदर्शन? पातूरची रेणुकामातेची टेकडी, माहूरचा गड, परतवाड्याजवळची मुक्तागिरी, ही वऱ्हाडातील कित्येक आई-वडिलांनी वर्षानुवर्षे मनात धरलेली ठिकाणे. 'एकदा गुडघा बरा झाला, की जाऊ' या बोलीवरच अनेकजण शस्त्रक्रियेस राजी होतात. ती इच्छा अवास्तव नाही. परंतु तिचा मार्ग घरच्या जिन्यावरून जातो. आपल्याच घराच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता, न थांबता चढता-उतरता येऊ लागल्या आणि डॉक्टरांनी होकार दिला, की मग गडाची वाट धरावी. तेथेही नियम तोच लक्षात ठेवावा : चढताना बरा, उतरताना दुखरा.