संत्र्याच्या सालासकट चॉकलेट केक. ओव्हन नसला तरी कढईत जमतो, दोन दिवस मऊ राहतो

अमरावती/अकोला : लेकराचा वाढदिवस आला की गावाकडे पहिला प्रश्न केकचा. तालुक्याहून आणायचा म्हणजे एकाने मोटरसायकल चालवायची, दुसऱ्याने डबा मांडीवर धरून मागे बसायचं, अन् खड्डे चुकवत घरी येईस्तोवर क्रीमवरचं नाव डब्याच्या झाकणाला लागलेलं. घरी करावा तर पहिला घास बरा लागतो, दुसऱ्या दिवशी तोच केक टोस्टासारखा कोरडा. दूध वाढवून पाहिलं, लोणी वाढवून पाहिलं, तरी तेच, अशी बहुतेक घरांची तक्रार असते.

केक ओला, मऊ ठेवायचा एक उपाय आपल्या वरुड-मोर्शी-चांदूर बाजार पट्ट्यात बांधावरच पडून असतो. संत्रा. नुसता रस नाही. गर, अन् त्याच्यासोबत साल.

घरी सांगून पाहा, कोणी ना कोणी म्हणणारच, "सालासकट? काहून बाप्पा?" आम्हालाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण ही काही कालची टूम नाही. स्पेनमधून बाहेर पडून भूमध्य समुद्राच्या काठाने पसरलेल्या ज्यू कुटुंबांमध्ये अख्खा संत्रा उकडून, वाटून, बदामाच्या कुटात घालून केक करायची जुनी पद्धत आहे. कैरोत जन्मलेल्या क्लॉडिया रोडेन यांनी १९६८ साली मध्यपूर्वेतल्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं, त्यात ही कृती दिली अन् ती जगभर गेली. पुढे लोकांनी त्यात कोको घातला. चॉकलेट अन् संत्रा यांचं मुळातच जमते. संत्र्याच्या गोळ्या खाल्लेल्या कोणालाही ते वेगळं सांगायला नको.

साल घातल्याने होते काय?

केक कोरडा पडतो तो पाणी कमी घातलं म्हणून नाही. घातलेलं पाणी भाजताना अन् नंतर ठेवल्यावर उडून जाते म्हणून. मग पाणी धरून ठेवणारं काहीतरी पिठात पाहिजे. संत्र्याच्या सालीखाली जो पांढरा मऊ थर असतो, त्यात पेक्टिन नावाचा पदार्थ भरपूर असतो. जाम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. उकडून वाटलेली साल पिठात गेली की हे पेक्टिन अन् सालीचा चोथा मिळून पाणी घट्ट धरतात. नुसता रस घातला तर वास येईल, चव येईल, पण हा ओलावा येणार नाही.

दुसरी गोष्ट सालीतल्या तेलाची. संत्रा सोलताना बोटांना जो वास लागतो तो या तेलाचा, अन् केकमध्ये व्हॅनिलाच्या बाटलीची गरजच राहत नाही.

संत्र्याचा आंबटपणाही कामाला येतो. खाण्याच्या सोड्याला आंबट भेटलं की वायूचे बुडबुडे सुटतात, अन् केक फुगतो तो त्यानेच. म्हणून अंड्याशिवायही हा केक हलका होतो.

आमचा पहिला केक कडू झाला

बाहेरच्या कृतीत लिहिलं होतं तसाच अख्खा संत्रा दीड तास उकडला, बिया काढल्या, वाटला, केक केला. दिसायला झकास. तोंडात घातला तर मागून कडूपणा. लेकरांनी वरचं चॉकलेट चाटलं अन् बाकी ताटलीत ठेवलं.

दोष कृतीचा नव्हता, फळाच्या जातीचा होता. तिकडचा संत्रा घट्ट सालीचा. आपला नागपुरी संत्रा ढिल्या सालीचा, अन् त्याच्या बियांत, फोडीच्या पडद्यांत कडूपणा तयार करणारा अंश चांगलाच असतो. लिमोनिन त्याचं नाव. गंमत अशी की ताज्या रसात तो जाणवत नाही. फळ दाबल्यावर, आंबट रसात काही वेळ राहिल्यावर, किंवा गरम केल्यावर हळूहळू कडूपणा उठतो. घरी सकाळी काढलेला रस दुपारी कडवट लागतो, हा अनुभव बागवाल्या प्रत्येक घरात आहे. नागपुरी संत्र्यावर मोठी प्रक्रिया उभी करताना नेहमी आडवं येणारं जे दुखणं, ते हेच.

मग आम्ही पद्धत बदलली. आपल्या संत्र्याचं साल हाताने सहज सुटते, तर अख्खा उकडायचाच कशाला? साल वेगळी, गर वेगळा. सालीचं पाणी दोनदा बदलायचं, फोडी उकडायच्याच नाहीत, बिया एकूण एक काढायच्या. बाकी जी थोडी कडवट छटा राहते ती कोकोच्या कडवटपणात मिसळून जाते, उलट चांगली लागते. पांढऱ्या साध्या केकमध्ये मात्र हा प्रयोग करू नका, तिथे ती लपत नाही.

सामान

आठ इंची डब्यासाठी मध्यम आकाराचे २ संत्रे, चुरी असेल तर ३-४. मैदा १५० ग्रॅम, अन् त्यात ज्वारीचं पीठ ४० ग्रॅम. मैदा नको असेल तर गव्हाचं पीठ बारीक चाळणीने कोंडा काढून घ्या. साखर २०० ग्रॅम, कोको पावडर ३५ ग्रॅम, तेल अर्धी वाटी (७५ मिली), घट्ट दही चार मोठे चमचे, खाण्याचा सोडा पाऊण छोटा चमचा, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, चिमूटभर मीठ.

कोकोबद्दल एक सांगून ठेवतो. दुधात घालायची चॉकलेटी पावडर वेगळी अन् कोको वेगळा. पहिल्यात अर्ध्याहून जास्त साखरच असू शकते. पाकिटावर 'कोको पावडर' लिहिलेलं अन् चवीला कडू असलं पाहिजे.

तेल सरकीचं किंवा सोयाबीनचं रिफाईंड घ्या. फल्ली तेलाचा वास केकला मानवत नाही. तूप-लोणी चवीला कितीही भारी असलं तरी हिवाळ्यात थिजते, अन् थिजलं की केक दडदडीत लागतो. तेल थंडीतही पातळ राहते. साखरही फार कमी करू नका. ती नुसती गोडीसाठी नसते, पाणी धरून ठेवायचं अर्धं काम तिचं आहे. आंबिया बहाराच्या सुरुवातीचं हिरवट, आंबट फळ असेल तर दोन चमचे वाढवाच.

ज्वारी काहून? ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. थोडी घातली की केक रबरासारखा ताणत नाही, भुसभुशीत होतो. पण चार भागात एका भागापेक्षा जास्त घातली तर कापताना चुरा होईल. नुसत्या ज्वारीचा केकही करतात, पण त्याला बांधायला अंडी किंवा दुसरं काही लागते.

कृती

संत्रे कोमट पाण्यात चोळून धुवा. बाजारातून आणलेल्या फळावर चकाकीसाठी मेणाचा थर असू शकतो, अन् साल पोटात जाणार आहे. स्वतःच्या बागेतलं फळ सगळ्यात चांगलं, फक्त शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले ते आठवा. औषधाच्या डब्यावर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असते. तेवढे झाले नसतील तर साल वापरू नका. गळून पडलेलं, डागाळलेलं, मऊ पडलेलं फळही नको. 'वाया जाते तर घालू' असं इथे चालत नाही, एका सडक्या फोडीने सगळा केक वाया जातो.

संत्रे सोला. एकाच संत्र्याची साल घ्या, दुसऱ्याची बाजूला ठेवा (चुरी असेल तर दोघांची). साल तुकडे करून उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवा, ते पाणी फेका, नवीन पाण्यात आणखी १५ मिनिटं उकळा. बोटात दाबली की साल चुरडली पाहिजे. फोडींवरच्या शिरा काढा, फोडी उघडून बिया काढा. लाईन असेल तेव्हाच साल अन् गर मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटून ठेवा. लाईन नसली तर पाट्यावरही होते, हात दुखतील एवढंच. साधारण दीड वाटी गोळा मिळेल. वाटलेला गोळा तासनतास ठेवू नका, वर सांगितलेला कडूपणा उठायला लागतो.

कोको तीन मोठे चमचे कडक गरम पाण्यात कालवा. गरम पाण्याने कोकोचा वास खुलतो. त्या पाण्यात पाव चमचा कॉफी घातली तर चॉकलेट आणखी गडद लागते, कॉफीची चव येत नाही. आपल्या चिखलदऱ्यात इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत, हे जिल्ह्यातल्याच कितीतरी लोकांना माहीत नाही. तिकडे गेलात तर भजे खाऊन परत येताना कॉफीचीही चौकशी करा.

आता तेल, साखर, दही एकत्र फेटा. त्यात संत्र्याचा गोळा अन् कोको घाला. पीठ, सोडा, बेकिंग पावडर, मीठ दोनदा चाळून वरून टाका अन् चमच्याने हलक्या हाताने मिसळा. पिठाचे पांढरे पट्टे दिसेनासे झाले की थांबा. इथेच बहुतेकांचा केक बिघडतो. भजाच्या पिठासारखं घोटत बसलं तर गव्हाचा चिकटपणा जागा होतो अन् केक चिवट होतो. पीठ इडलीच्या पिठाएवढं पातळ पाहिजे. फार घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध घाला. सोडा ओला झाला की बुडबुडे सुरू होतात, म्हणून मिसळल्यावर फोन घ्यायला जाऊ नका, लगेच डब्यात ओता. डब्याला आधीच तेल लावून पीठ भुरभुरलेलं असू द्या.

ओव्हन असेल तर आधी तापवून १७० अंशावर ४५ ते ५० मिनिटं. नसेल तर जाड बुडाची जुनी कढई घ्या. तळाला बोटभर जाड मीठ, त्यावर स्टँड किंवा उपडी ताटली, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग डबा आत ठेवून आच एकदम बारीक करा. ५० मिनिटं ते तास लागतो. पहिली ४० मिनिटं झाकण उघडायचं नाही. आतली हवा थंड झाली की फुगलेला केक मधात बसतो. प्रेशर कुकर वापरणारे पुष्कळ आहेत, पण वापरायचाच असेल तर शिट्टी अन् रबर दोन्ही काढून, अन् तोही जुना कुकर. बिनपाण्याचा तासभर तापून चांगला कुकर खराब होतो. वापरलेलं मीठ थंड करून डब्यात भरा, पुढच्या केकला तेच चालते. भाजीत मात्र घालू नका.

सुरी किंवा झाडूची स्वच्छ काडी मधोमध टोचा. काडीला ओलसर कण लागले तर चालते, पातळ पीठ लागलं तर आणखी पाच-सात मिनिटं. काडी अगदी कोरडी निघेपर्यंत भाजाल तर एवढा सालीचा खटाटोप केला त्याचा उपयोग नाही. डब्यातच अर्धा तास थंड होऊ द्या, गरम काढला तर मोडतो. क्रीमची गरज नाही. पाहिजेच असेल तर उरलेल्या सालीचे बारीक काप साखरेच्या पाकात आटवून वर लावा, लेकरांना लय आवडतात.

टिकतो किती?

ओला केक लवकर बुरसतो, हे लक्षात ठेवा. हिवाळ्यात झाकून दोन दिवस बाहेर राहतो, अन् दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा चांगला लागतो. अकोल्याचा पारा ४५ वर गेला की मात्र त्याच दिवशी संपवा. फ्रीजमध्ये चार दिवस, खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढून.

आता कोणी म्हणेल, हे करून संत्र्याला भाव येणार का? नाही येणार. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यापासून तिकडे जाणारा माल घटला, बारीक फळ मातीमोल जाते, अन् एका केकला लागतात दोन संत्रे. केकने बाग वाचत नाही. पण गावातल्या बचत गटातल्या बाया पापड-लोणच्याच्या पुढे काही शोधत असतील तर हे करून पाहण्यासारखं आहे, कारण तालुक्याच्या बेकरीत ही चव मिळत नाही अन् कच्चा माल घरचा आहे. विकायचा असेल तर अन्न सुरक्षा विभागाची एफएसएसएआय नोंदणी आधी करा. घरून विकणाऱ्यालाही ती लागते. पाकिटावर केक केल्याची तारीख टाका.

आंबियाची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. मधल्या दिवसांसाठी नुसती उकळलेली साल पिळून, पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवता येते, दोन-तीन महिने छान राहते. गर बाहेरच ठेवा, तो साठवला की कडवटतो. केक करायच्या दिवशी गराच्या जागी वाटीभर दही-दूध घ्यायचं अन् साल तेवढीच घालायची. म्हणजे मार्चमध्ये ठेवलेली साल १ जूनला कामी येते; शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी टाकलेल्या त्या तारखेला आपल्याकडच्या अर्ध्या आजोबांचा वाढदिवस असतोच.