पिकांची प्रतिकारशक्ती आणि तुरीचा वांझ रोग

नार्नूर परिसरात कापसाबरोबर तुरीचे आंतरपीक घेण्याची पद्धत रूढ आहे. तूर फुलोऱ्यावर आली असता शेतातील एखादे झाड मात्र हिरवेगार व झुडपासारखे दाट राहते. त्यास ना फूल येते, ना शेंग. हाच तुरीचा वांझ रोग होय. भारतात त्याची नोंद १९३१ साली बिहारमधील पुसा येथून झाली. हा रोग विषाणूमुळे होतो आणि साध्या डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म कोळी वाऱ्याबरोबर त्याचा प्रसार करतो.

विषाणू वनस्पतीच्या पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेवर वाढतो. त्यामुळे बुरशीनाशकाने बुरशीचा बंदोबस्त करावा, तसा फवारणीने विषाणूचा नाश करता येत नाही. साहजिकच शास्त्रज्ञांचे लक्ष पिकाच्या अंगभूत प्रतिकारशक्तीकडे वळले.

वनस्पतीस रक्त नाही. तरीही ती शत्रूची वर्दी सर्वांगास देते. अमेरिकन शास्त्रज्ञ ए. फ्रँक रॉस यांनी १९६१ मध्ये तंबाखूच्या खालच्या पानांना मोझॅक विषाणूची लागण केली. काही दिवसांनी वरच्या पानांवर तोच विषाणू सोडला असता तेथे रोगाचे डाग लहान पडले. १९७९ मध्ये इंग्लंडमधील आर. एफ. व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचून तिची प्रतिकारशक्ती वाढविली. ॲस्पिरिनशी नाते असलेले सॅलिसिलिक आम्ल रोगाची चाहूल लागताच वनस्पती स्वतःच तयार करते, हे पुढे स्पष्ट झाले. त्याच धर्तीवर ॲसिबेन्झोलारसारखी कृत्रिम संयुगे १९९०च्या दशकात तयार करण्यात आली.

तथापि, ही संयुगे म्हणजे औषध नव्हे, पूर्वसूचना होय. ती लागणीपूर्वीच द्यावी लागतात. मात्रा अधिक झाल्यास पाने करपतात व वाढ खुंटते. वांझ झालेले झाड त्यामुळे फुलत नाही. म्हणून घरातील गोळ्या विरघळवून फवारणे किंवा ‘विषाणूवर रामबाण’ अशा जाहिरातीस भुलून खर्च करणे व्यर्थ आहे.

आज खात्रीची प्रतिकारशक्ती बियाण्यातूनच मिळते. १९९३ मध्ये प्रसारित झालेला इक्रिसॅट संस्थेचा ‘आशा’ आणि बदनापूर संशोधन केंद्राचा ‘बीएसएमआर ७३६’ हे वाण मर व वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक आहेत. विषाणूचे प्रकार प्रदेशपरत्वे भिन्न असल्याने वाणाची निवड कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने करावी. बांधावरील जुनी तूर व खोडवा पेरणीपूर्वी काढून टाकावा आणि रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे. शेतकरी बंधूंनी एवढी दक्षता घेतल्यास शेंगांनी लगडलेली तूर घरी येण्यास निश्चितच साहाय्य होईल.